चालता टेकू

चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत सरकारने जेवढी सागाची झाडं लावली असतील, त्याहून जास्त टेकू आमच्या मोठ्या साडभाऊंनी एकट्याने लावले आहेत. शिवाय सरकारच्या झाडांपैकी काही वाळवीने खाल्ली, काही चोरांनी नेली. साडभाऊंचा टेकू मात्र एकदा बसला की तो वाळवीलाही आत येताना परवानगी मागायला लावायचा. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आलापल्लीच्या अलीकडे, जंगल जिथं शेतात शिरावं की माघारी फिरावं अशा विचारात थबकतं, तिथं त्यांचं कौलारू घर होतं. होतं म्हणजे, घर केव्हाचं पडायला निघालं होतं आणि साडभाऊ त्याला पडू देत नव्हते. ओसरीच्या आढ्याला एक टेकू, तो सरकू नये म्हणून त्याला आडवा दुसरा, आणि आडव्याला ठेचकाळून कोणी पाहुणा पडलाच तर त्याला धरायला भिंतीत तिसरा. त्या घरात सरळ चालत गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. कोणी वाकून जाई, कोणी अंग चोरून जाई. आमच्या सासूबाई एकदा सकाळी पाणी प्यायला म्हणून आत गेल्या, त्या संध्याकाळी दिवेलागणीला परसदारातून बाहेर आल्या, आणि पाणी प्यायचं राहिलंच म्हणाल्या.

माणूस उंच, काटक, मिशा दोन्ही बाजूंनी वर वळवलेल्या. लोक म्हणत की त्या मिशांनाही आतून टेकू असावेत. गंमत अशी की जगाला आधार देणारा हा गृहस्थ स्वतः मात्र कधी कशाला टेकत नसे. बसले तरी पाठ ताठ, तापाने फणफणले तरी उशी बाजूला. पण दुसरी कुठलीही वस्तू थोडी कलली की त्यांच्या हाताला खाज सुटे. एकदा आमची मोटर नाल्याच्या उतारावर पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक काढून बसला, तेवढ्यात साडभाऊ रानात गेले आणि धावड्याचे चार दांडके तोडून घेऊन आले. चाक लागलं, माणसं बसली, ड्रायव्हरने इंजीन गरगरवलं, पण गाडी हलेना. साडभाऊंनी खालून असे टेकू ठोकले होते की ते काढायला शेजारच्या गावातून कुऱ्हाडी मागवाव्या लागल्या. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला, तेव्हा साडभाऊ त्याच्याकडे दयेने पाहत म्हणाले, “गाडी पडली असती तं तू मले शिव्या देल्ल्या असत्या. आता उभी हाये तरी देऊन राह्यला. तुले पाहिजे तरी काय गा?” एका लग्नात तर त्यांनी मांडवाला इतके टेकू लावले की नवरदेवाला बोहल्यापर्यंत पोचायला वाटाड्या द्यावा लागला. लग्न लागलं, वऱ्हाड गेलं, पुढं त्या नवऱ्यानवरीला पोरं झाली, तरी मांडव उभाच. शेवटी घरच्यांनी त्यात गुरं बांधायला सुरुवात केली.

अशा माणसावर एकदा मात्र मोठा बाका प्रसंग आला. झालं असं, की साडभाऊंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी आमच्या सासऱ्यांना मोठ्या तोऱ्यात शब्द दिला होता, “तुमची पोरगी आमच्या घरी बंगईवर बसंन.” बंगई म्हणजे घरातला झोपाळा, आमच्या भागातल्या सुखवस्तू घराची खूण. वडील गेले, शब्द राहिला. साडभाऊंच्या आढ्याला टेकू लावायलाच जागा पुरत नव्हती, तिथं बंगई कुठून टांगणार? मोठ्या बाईंनी, म्हणजे साडभाऊंच्या बायकोने, बरीच वर्षं कळ काढली. मग एका दिवाळीला त्या आमच्याकडे चांद्याला आल्या आणि आमच्या घरच्या बंगईवर बसल्या. माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, शेजारी बसून पायाने झोका देत सुपारी कातरत होती. मोठ्या बाईंनी ते पाहिलं. परत गेल्या, आणि घराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी जाहीर केलं, “बंगई टांगत नाई तवरी माहं तुमच्याशी बोलणं बंद. आन फळी एकसंध पाहिजे. जोडाची फळी मले चालत नाई, जोड चिमटे काढते.”

आता बाई बोलायची बंद झाली म्हणून संसार थोडाच थांबतो? जेवण झालं हे सांगावं लागतं, मीठ संपलं हे सांगावं लागतं. म्हणून मोठ्या बाईंनी घरातल्या बोकडाला मध्यस्थ नेमलं. पांढऱ्या दाढीचा हा गलेलठ्ठ बोकड. दुसऱ्याने भरवल्याशिवाय खायचा नाही, म्हणून त्याचं नाव सायेब. मोठ्या बाई चुलीपाशी बसून म्हणत, “सायेब, सांग त्याहिले, भाकर थंडी होऊन राह्यली.” साडभाऊ पाटावर बसून म्हणत, “सायेब, तिले म्हणा, आलो.” सायेब दोघांकडे आळीपाळीने पाहत रवंथ करी. मी त्या हिवाळ्यात वैनगंगा नावेने ओलांडून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा साडभाऊ मला अंगणात ओढत घेऊन गेले. आवाज खाली आणत म्हणाले, “साडभाऊ, माहं काही खरं नाई. पह्यले मी वावरातून आलो का ते मले दिवसभराचं सारं सांगे. कोनाची गाय व्याली, कोनाच्या घरी पावना आला. आता ते सारं बोकडाले सांगते, आन मी भिताडाच्या मांगं उभा राहून आयकतो.” एवढं बोलून त्यांनी मिशीचं टोक खाली वळवलं. ते टोक खाली आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा ठरलं, बंगई करायचीच. लाकूड होतं. बांधावरचा म्हातारा बिजा, म्हणजे बिबळ्याचा वृक्ष, वादळात आडवा झाला होता, आणि तो चिरायची रीतसर परवानगीही मिळाली होती. पण म्हातारा आतून पोकळ निघाला. वरचा भाग सगळा ढोलीचा. खाली तळाशी तेवढं एकच फळी निघेल इतकं घट्ट, तांबूस, अभंग लाकूड. म्हणजे ढोलीच्या खालून करवत एकदाच आरपार न्यायची. वर राहील ते सरपण, खाली राहील ती बंगईची फळी. चीर चुकली की फळी गेली, आणि तेवढ्या रुंदीचं दुसरं झाड साडभाऊंच्या बांधावर नव्हतं. गावात आरा, म्हणजे दोघांनी ओढायची मोठी करवत, चालवणारे दोघे भाऊ होते. ते आपणहून आले, ओंडक्याला टिचक्या मारून म्हणाले, “भाऊ, उद्या सांजेपर्यंत चिरून देतो. आरशासारखी फळी निघंन.” दुसरा कोणीही असता तर त्याने त्यांना तिथंच चहा पाजून बसवलं असतं. पण साडभाऊ म्हणाले, “आरा तं कोनीबी ओढते. माह्या बायकोची बंगई मी मशिनीनं चिरीन.”

ही मशीन म्हणजे त्यांच्या गोठ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवलेला एक राक्षस होता. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानात कुठल्याशा ठेकेदाराला ती मिळाली होती. ती सुरू करताना ठेकेदाराचा खांदा निखळला, म्हणून त्याने ती साडभाऊंच्या गळ्यात घातली. एका टोकाला इंजीन, मध्ये पुरुषभर लांब लोखंडी पातं, त्यावर दातेरी साखळी गरगर फिरणार, आणि दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. गावात तिला फटफटी करवत म्हणत. ती सुरू झाली की आलापल्लीच्या पाखरांनी उठावं ते गोदावरीपलीकडे जाऊन बसावं. ती आडवी धरून लांब ओंडका सरळ चिरता यावा म्हणून साडभाऊंनी मी ज्या खाटेवर झोपत असे तिची सुतळी सोडली आणि नुसती चौकट घेतली. चौकटीखाली करवत बांधली. ओंडक्यावर लांबीच्या दोन सरळ बल्ल्या रुळासारख्या ठोकल्या. चौकट त्या बल्ल्यांवरून सरकवत न्यायची आणि करवतीने खाली चिरत जायचं, असा बेत. कागदावर झकास. मी त्या दिवसापासून जमिनीवर झोपू लागलो.

अडचण एकच होती, पण ती बोकडाएवढी होती. पातं ओंडक्यात, आणि इंजीन ओंडक्याच्या बाहेर लोंबतं! त्याचं धूड असं की चौकट एका बाजूला कलायची, करवत खाली घुसायची, आणि फळीची वाट लागायची. म्हणजे इंजिनाला खालून आधार हवा. हे ऐकताच साडभाऊंचे डोळे चमकले. सगळं आयुष्य ज्या क्षणासाठी तयारी केली तो क्षण समोर आलेला पाहून माणूस जसा शांत होतो तसे ते शांत झाले, आणि म्हणाले, “एवढंच ना? टेकू लावू.” तेंदूचं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचं दांडकं, तोडून आणलं, इंजिनाखाली ठोकलं. इंजीन बसल्या जागी देवासारखं स्थिर. सरपणाच्या एका जाड ओंडक्यावर तालीम घ्यायची म्हणून मी मूठ धरून करवत पुढं ढकलली, आणि इंजीन टेकूवरून घसरून धप्पकन खाली! साडभाऊंनी टेकू पुढं नेऊन ठोकला. मी ढकललं. पुन्हा धप्प. बांधावर बसून तमाशा पाहणाऱ्या त्या दोघा आरेवाल्यांतला मोठा ओरडला, “भाऊ, तुमचा टेकू तं चालतच नाई!” साडभाऊंनी दुबेळकं हातात उलटसुलट फिरवून पाहिलं. उभ्या वस्तूला टेकू लावण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, पण चालत्या वस्तूला टेकू कसा लावायचा, हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

मग प्रयोग सुरू झाले. इंजीन आंब्याच्या फांदीला दोराने टांगलं, तर ते पाळण्यासारखं झोके घेऊ लागलं आणि मी दुसऱ्या टोकाला मूठ धरून जमिनीपासून वीतभर वर. मग त्यांनी इंजीन आपल्या मांडीवर घेऊन पाहिलं. त्याच्या थरथरीने त्यांचे दात असे वाजले की सुरू केलेलं वाक्य इंजीन बंद झाल्यावर चहासोबत पुरं झालं, आणि चहाही अर्धा मिशीवर. मोठ्या बाई ओसरीतून सगळं पाहत होत्या. त्यांनी बोकडाच्या गळ्याखाली खाजवत म्हटलं, “सायेब, सांग त्याहिले, मले बंगई पाहिजे, रांडपण नाई.” साडभाऊंनी मान खाली घातली, पण मला हळूच म्हणाले, “आयकलं का? काळजी वाटते तिले.”

तोडगा निघाला तो शेजारच्या डोमाजीला पाहून. डोमाजी गोंडाचा गडी, छातीने दार अडवेल असा. जन्मभर कावड खांद्यावर घेऊन मोहफुलं, चारोळी, मध असं काय काय आलापल्लीच्या बाजाराला नेणारा. त्या सकाळी तो कावड घेऊन अंगणातून चालला होता. पुढच्या शिंक्यात मडकं, मागच्या शिंक्यात मडकं, मध्ये डोमाजी तुरुतुरु, आणि दोन्ही मडकी जागच्या जागी. साडभाऊ ताडकन उठले. “साडभाऊ, तो पाहा! चालता टेकू!” कल्पना अशी, की कावडीच्या एका टोकाला इंजीन टांगायचं, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचं काही तरी, आणि डोमाजीने करवतीच्या चालीने बाजूने चालत राहायचं. डोमाजीने इंजिनाला हात लावून पाहिला, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला, “मध नाई सांडला आजवर, तं हे काऊन सांडंन?”

आता दुसऱ्या टोकाला वजन कशाचं? दगड ठेवले तर जास्त होत, काढले तर कमी. धानाचं पोतं गळू लागलं. तेवढ्यात साडभाऊंची नजर सायेबावर गेली. सायेबाला टोपल्यात बसवून शिंक्यात टांगलं मात्र, कावड अशी समतोल झाली की डोमाजीच्या खांद्यावरून सुतार ओळंबा शिकला असता. एका बाजूला लष्कराचं इंजीन, दुसऱ्या बाजूला बोकड, दोघांनाही सारखाच उग्र वास. मोठ्या बाई धावत आल्या, सायेबाच्या तोंडात हिरवा पाला दिला, आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोकडाला म्हणाल्या, “सायेब, संभाळून राहजो. आन त्याहिलेबी म्हणजो, हात संभाळा.”

साडभाऊंनी इंजिनाची दोरी ओढली. पाखरं उडाली. मी मूठ धरली, साडभाऊंनी इंजिनाकडची बाजू धरली, डोमाजी कावड घेऊन त्यांच्या बाजूला, आणि आमची वरात निघाली. काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी करवत चालली होती. बिज्याचा तांबडा भुसा उडत होता, आमचे चेहरे होळीसारखे. आरेवाले उठून उभे राहिले. साडभाऊंच्या मिशीचं टोक मी डोळ्यांनी पाहिलं, हळूहळू वर येत होतं. अर्धा ओंडका झाला. आणि तिथं, बरोब्बर मधोमध, डोमाजीने खांदा बदलला.

यात त्याचा काय दोष? कावडवाला चालता चालता खांदा बदलतो, आपण चालता चालता श्वास घेतो तसा. कावड मानेमागून सर्रकन या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, पाय थांबत नाहीत. जन्मभराची सवय. मडकी असतात तेव्हा थोडी डुचमळतात, पुन्हा जागेवर येतात. इथंही तसंच झालं. इंजीन थोडं खचलं, बोकड थोडा उंचावला आणि केवढ्याने तरी ओरडला. करवतीने खाली बुडी मारली, डोमाजीच्या लक्षात आलं, त्याने कावड पुन्हा पहिल्या खांद्यावर घेतली, करवत वर आली, आणि आम्ही भुशाने आंधळे झालेले दोघे साडू पुढं ढकलतच राहिलो. चीर पुरी झाली. इंजीन थांबलं. रानात एवढी शांतता पसरली की सायेबाचं रवंथ ऐकू येऊ लागलं. सगळ्यांनी मिळून वरची ढोली उचलली.

खाली फळी होती. एकसंध, तांबूस, दोन्ही टोकांना आरशासारखी. आणि मधोमध बशीसारखा खोल डबरा. डोमाजी कावडीचा दोर उगीच सोडत बांधत राहिला. शेवटी म्हणाला, “भाऊ, खांदा तं मी बदललाच नाई. खांद्यानंच मले बदललं.” साडभाऊंनी फळीवरून हात फिरवला. डबऱ्यापाशी हात आत गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, हा माणूस आता रडतो. मोठ्या बाई जवळ आल्या, फळीकडे पाहिलं, आमच्या तांबड्या तोंडांकडे पाहिलं, आणि बोकडाला टोपल्यातून उतरवत म्हणाल्या, “सायेब, जोड हाये का इच्यात कुठी? नाई ना? मंग सांग त्याहिले, टांगा.”

टांगली. आढ्याला नाही, आढ्याचा भरवसा साडभाऊंनाही नव्हता. अंगणात चार मजबूत खांब उभारून, साखळ्या लावून. पहिल्यांदा बसायचा मान मोठ्या बाईंचा. त्या नवं लुगडं नेसून एका टोकाला बसल्या, आणि बोकडाला म्हणाल्या, “त्याहिलेबी बसू दे.” साडभाऊ दुसऱ्या टोकाला बसले, सवयीप्रमाणे पाठ ताठ. डोमाजीने झोका दिला. आणि दोघंही, दोन टोकांकडून, सर्रकन घसरत मधल्या डबऱ्यात येऊन एकमेकांवर आदळले. सगळं गाव समोर! मोठ्या बाईंनी पदर तोंडावर ओढला आणि लाजेने, रागाने ओरडल्या, “अवो, सरका ना तिकडे!”

साडभाऊंनी आधी बोकडाकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग पुन्हा बोकडाकडे. “मले म्हणून राह्यली?” त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

“नाई तं काय बोकडाले म्हणू? सरका!”

“सरकू कुठी?” साडभाऊ म्हणाले, “दोन्हीकून चढ हाये.” आणि ते जे हसले, ते मिशांसकट हसले. बाईंनी हसू दाबलं, ते खोकल्यात गेलं, आणि खोकला संपल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली, कोणाची गाय व्याली, कोणाच्या घरी पाहुणा आला. आम्ही जेवून आलो तरी त्या सांगतच होत्या. आरेवाल्यांनी रंधा मारून डबरा सपाट करून देतो म्हटलं, तर दोघांनीही त्यांना एका आवाजात हाकललं. साडभाऊंच्या हाताला मात्र खाज सुटली. दुसऱ्या दिवशी ते एक दांडकं घेऊन झुलत्या बंगईखाली वाकून पाहत होते. मोठ्या बाई ओसरीतून कडाडल्या, “टेकू लावसान तं याद राखजा!” त्या घरात टेकू नसलेली तेवढी एकच वस्तू राहिली.

साडभाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. घर बदललं, वर पत्रे आले, मुलांनी टेकू काढले, आणि आश्चर्य म्हणजे घर पडलं नाही. मागच्या खेपेला मी गेलो, आता नदीवर पूल आहे, नाव लागत नाही. मोठ्या बाई अंगणात बंगईवर बसलेल्या होत्या. एकट्याच, आपल्या टोकाला, दोन्ही हातांनी साखळी घट्ट धरून. मला पाहून चेहरा फुलला. “या जवाईबापू, बसा,” म्हणत त्यांनी दुसऱ्या टोकाकडे बोट केलं, “पण साखळी धरून बसा बरं. मधात नका येऊ.” मी बसलो. फळी बसून बसून काचेसारखी गुळगुळीत झाली होती, नुसता पाय हलला तरी अंग डबऱ्याकडे ओढलं जाई. सुनेने चहा आणून दिला. बाईंनी एका हाताने साखळी धरली, दुसऱ्या हाताने पदराचं टोक घेऊन मधल्या जागेवरची धूळ पुसली, आणि मग कप घेतला. त्या मला गावातलं सगळं सांगत होत्या, कोण आलं, कोण गेलं. माझा साखळी धरलेला हात खांद्यापर्यंत भरून आला होता. चहा कधीच संपला होता. पण हात सोडवेना.